वेळेवरचा पहारा : एचआयव्ही आणि इंटरफेरॉन

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



ही व्याख्यानमाला ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ चालते, त्यांचा एक आग्रह होता असं निमंत्रण देताना संयोजकांनी मला सांगितलं. रोग्याला त्याचा रोग त्याच्या भाषेत समजावून द्यायचा, हा तो आग्रह. मी आयुष्यभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत आलो, रोगी तपासले नाहीत. पण हा आग्रह मलाही मान्य आहे. म्हणून आज विषय जरा अवघड घेतला आहे, भाषा मात्र अवघड करणार नाही.

एचआयव्ही म्हटलं की आपल्याला तो ज्यांवर हल्ला करतो त्या सीडी४ या पांढऱ्या पेशी आठवतात, त्यांचे आकडे आठवतात, एआरटीच्या, म्हणजे विषाणू दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या आठवतात. पण सीडी४ पेशींची फळी उभी राहण्याच्या कितीतरी आधी शरीर एक प्रथिन सोडतं. त्याचं नाव इंटरफेरॉन. आज मी त्याबद्दल बोलणार आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. एचआयव्ही जिंकतो तो शरीराची ताकद कमी पडते म्हणून, असं आपण समजतो. इंटरफेरॉनचा इतिहास वेगळंच सांगतो. शरीराकडे ताकद भरपूर असते. चुकते ती वेळ. जे पहिल्या काही दिवसांत हवं ते तेव्हा पुरेसं मिळत नाही, आणि जे नंतर थांबायला हवं ते वर्षानुवर्षं थांबत नाही.

सुरुवात १९८३ च्या जानेवारीपासून करू. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एका रुग्णाच्या मानेतल्या लसीकाग्रंथीचा तुकडा आला. ल्यूक मॉन्तानिए, फ्रान्स्वाज बारे-सिनूसी आणि झां-क्लोद शेर्मान यांच्या गटाने त्यातल्या पेशी पोषकद्रवात वाढवायला ठेवल्या. पेशी वाढाव्यात म्हणून त्यात वाढ-घटक घातला, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट घातली : मानवी इंटरफेरॉनला निष्प्रभ करणारा प्रतिरस. या गटाने उंदरांच्या पेशींत पाहिलं होतं, की इंटरफेरॉनचा बंदोबस्त केला तर याच जातकुळीचे विषाणू कितीतरी पटींनी जास्त निघतात. पॅरिसच्या त्या पात्रात पुढे नवा विषाणू सापडला. त्यालाच आपण आज एचआयव्ही म्हणतो, आणि त्या शोधासाठी २००८ मध्ये बारे-सिनूसी आणि मॉन्तानिए यांना नोबेल पारितोषिक मिळालं. म्हणजे, हा विषाणू हाती यावा म्हणून शास्त्रज्ञांनी आधी इंटरफेरॉनला वाटेतून दूर केलं होतं.

आता याच्या शेजारी दुसरी नोंद ठेवा. त्याच्या आदल्या वर्षी, १९८२ मध्ये, अमेरिकेत कापोसी सार्कोमा हा कर्करोग झालेल्या आणि लसीकाग्रंथी सुजलेल्या तरुणांच्या रक्तात अल्फा इंटरफेरॉन आढळलं होतं. तेही जरा विचित्र वळणाचं, आम्लात टिकाव न धरणारं. रोगाचा विषाणू अजून कोणाला ठाऊक नव्हता, पण त्याच्याविरुद्धचं शस्त्र रुग्णांच्या रक्तात वाहत होतं. आणि तरीही ती माणसं दगावत होती.

एकीकडे इंटरफेरॉन बाजूला केलं की विषाणू फोफावतो. दुसरीकडे अंगात इंटरफेरॉन असलेली माणसं वाचत नाहीत. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांचा मेळ घालायला विज्ञानाला जवळजवळ तीस वर्षं लागली.

मुळात इंटरफेरॉन सापडलं कसं? १९५७ मध्ये लंडनच्या मिल हिल भागातल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत ॲलिक आयझॅक्स आणि स्वित्झर्लंडहून आलेला तरुण संशोधक झां लिंडेनमान यांनी एक साधा प्रयोग केला. कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाभोवतीच्या पातळ पडद्याचे तुकडे घेतले. उष्णता देऊन निकामी केलेल्या फ्लूच्या विषाणूंबरोबर ते काही तास ठेवले. मग ते तुकडे धुऊन ताज्या द्रवात ठेवले. काही तासांनी तो द्रव काढून घेतला आणि त्यात पडद्याचे नवे, कोरे तुकडे बुडवले. या कोऱ्या तुकड्यांवर जिवंत विषाणू सोडला, तर तो वाढेना. म्हणजे पहिल्या तुकड्यांनी द्रवात काहीतरी सोडलं होतं, आणि त्या 'काहीतरी'मुळे विषाणू कधी न पाहिलेले तुकडेही सावध झाले होते. जपानमध्ये यासुइची नागानो आणि यासुहिको कोजिमा यांनी १९५४ मध्येच सशाच्या ऊतींत अशाच गुणाचा पदार्थ पाहिला होता. त्याची दखल मात्र उशिरा घेतली गेली.

पुढची वीस वर्षं हा पदार्थ मिळवणं हीच मोठी अडचण होती. शरीर तो अगदी किंचित तयार करतं. फिनलंडच्या कारी कॅन्टेल यांनी रक्तदात्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी गोळा करून, त्यांना सेंडाई नावाच्या विषाणूने डिवचून, हेलसिंकीत इंटरफेरॉन मिळवायला सुरुवात केली. जगभरच्या चाचण्या बराच काळ त्यांच्या साठ्यावर चालल्या. १९८० च्या सुमारास झुरिकच्या चार्ल्स वाइसमान यांच्या गटाने त्याचं जनुक जिवाणूत बसवलं, आणि मग ते औषध म्हणून बाटलीत येऊ लागलं.

ते काम कसं करतं, ते आता पाहू. इथे एक गैरसमज आधीच दूर करतो. इंटरफेरॉन विषाणूला मारत नाही. ते विषाणूला स्पर्शही करत नाही. सह्याद्रीत उन्हाळ्याआधी वनखातं जाळरेषा काढतं, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. वाळलेलं गवत एका पट्ट्यात काढून टाकतात, म्हणजे वणवा आलाच तर त्याला पुढे जायला काही मिळू नये. इंटरफेरॉन शेजारच्या पेशींत हेच करतं. एका पेशीला विषाणूची चाहूल लागते. ती इंटरफेरॉन सोडते. ते शेजारच्या पेशींच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला चिकटतं. तिथून निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो, आणि काही तासांत शेकडो जनुकं जागी होतात. या जनुकांपासून तयार होणारी प्रथिनं पेशीला विषाणूच्या दृष्टीने नापीक करून टाकतात. आणि जाळरेषेबद्दल जे खरं तेच इथेही खरं : ती वणव्याच्या आधी काढली तर उपयोग.

चाहूल कोणाला लागते? आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत एक अगदी अल्पसंख्य जमात आहे, प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक पेशींची. हजारात जेमतेम दोन-चार. पण एचआयव्हीचा आरएनए त्यांच्या आत गेला, की टीएलआर७ नावाच्या संवेदकामार्फत तो ओळखला जातो आणि इतर पेशींच्या शेकडो पट अल्फा इंटरफेरॉन या मूठभर पेशी सोडतात. एक जाता जाता सांगतो : २००९ मध्ये असं दिसून आलं की टीएलआर७ मार्फत डिवचल्यावर स्त्रियांच्या या पेशी पुरुषांच्या पेशींपेक्षा जास्त इंटरफेरॉन देतात. तेवढाच विषाणू रक्तात असला तरी स्त्रियांची रोगप्रतिकार यंत्रणा अधिक चेतलेली असते. हे वरदान की भार, याचं उत्तर पुढे येईलच.

आता जागी झालेली जनुकं नेमकं काय करतात? शेकडोंपैकी दोन उदाहरणं घेतो, पण ती जरा जवळून पाहू.

पहिलं एपोबेक३जी. अनेक पेशींत इंटरफेरॉनमुळे याचं प्रमाण वाढतं. एचआयव्हीचा जनुकीय मजकूर आरएनएत लिहिलेला असतो. पेशीत शिरल्यावर त्याला त्याची डीएनए प्रत काढावी लागते. मगच तो मजकूर आपल्या गुणसूत्रात घुसवता येतो. बाधित पेशीतून नवे विषाणू बाहेर पडत असताना एपोबेक३जी गुपचूप त्यांच्या आत जाऊन बसतं. तिथे ते काहीच करत नाही. तो विषाणू पुढच्या पेशीत शिरतो, डीएनएची पहिली बाजू लिहायला घेतो, आणि तेव्हा हे प्रथिन कामाला लागतं. त्या कोवळ्या प्रतीतल्या 'सी' अक्षराचं ते 'यू' करत सुटतं. त्यावरून दुसरी बाजू लिहिली जाते तेव्हा 'जी'च्या जागी 'ए' येतं. याचा परिणाम पाहा. 'टीजीजी' ही तीन अक्षरं म्हणजे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल जोडण्याची सूचना. मधल्या 'जी'चा 'ए' झाला की ती होते 'टीएजी', आणि 'टीएजी'चा अर्थ आहे 'इथे थांबा'. मजकुरात ठिकठिकाणी असे पूर्णविराम पडले की विषाणूचं एकही प्रथिन धड बनत नाही.

इतकं जालीम अस्त्र असताना एचआयव्ही टिकतो कसा? व्हिफ नावाच्या त्याच्या एका प्रथिनामुळे. व्हिफ एपोबेक३जीला पकडतं, त्याच्यावर 'टाकाऊ' अशी रासायनिक खूण लावून घेतं आणि पेशीच्याच कचरा मोडणाऱ्या यंत्रणेकडे पाठवून देतं. व्हिफ कशासाठी आहे हे कितीतरी वर्षं कोडं होतं. २००२ मध्ये ॲन शीही, मायकेल मालिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सोडवलं.

दुसरं टेथरिन. हे इंटरफेरॉनने भरपूर वाढतं. पेशीच्या पृष्ठभागावर नवा विषाणू सुटा होऊन निघायच्या बेतात असतो, तेव्हा टेथरिनचं एक टोक पेशीच्या पटलात आणि दुसरं विषाणूच्या आवरणात रुतलेलं असतं. विषाणू तयार झालेला आहे, बाहेर आलेला आहे, पण निघता येत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशा विषाणूंचे घोसच्या घोस पेशीला लटकलेले दिसतात. यावर एचआयव्हीचा तोडगा म्हणजे व्हीपीयू हे प्रथिन. ते टेथरिनला पृष्ठभागावर टिकूच देत नाही. हे २००८ मध्ये उलगडलं.

टेथरिनमागे एक मोठी कथा आहे. एचआयव्ही-१ माणसात आला चिंपांझीकडून. चिंपांझीत टेथरिनला नामोहरम करायचं काम विषाणूचं नेफ हे प्रथिन करतं. माणसाच्या टेथरिनमध्ये मात्र नेफ जिथे पकड घेतं तोच छोटासा तुकडा, पाच अमिनो आम्लांचा, गळून गेलेला आहे. म्हणजे माणसात आलेल्या विषाणूची जुनी चावी लागेना. चिंपांझी आणि गोरिलाकडून हा विषाणू माणसात वेगवेगळ्या वेळी एकूण चारदा आला, त्याचे चार गट झाले. त्यांपैकी ज्या गटाचं व्हीपीयू माणसाच्या टेथरिनवर उत्तम चालू लागलं, तो 'एम' गट जगभर पसरला. भारतात आढळणारा 'सी' उपप्रकार याच गटातला. इतर गट मुख्यतः मध्य-पश्चिम आफ्रिकेपुरते राहिले. साथीच्या फैलावाला रेल्वे, शहरं, स्थलांतर, सुया अशी अनेक कारणं होती. पण हे जैविक कारणही त्यांत असावं, असं अनेक अभ्यासक मानतात.

ही उदाहरणं मी मुद्दाम विस्ताराने सांगितली. एचआयव्हीचा सगळा मजकूर जेमतेम दहा हजार अक्षरांचा आहे आणि त्यात अवघी नऊ जनुकं आहेत. एवढ्या काटकसरीच्या संसारात त्याने व्हिफसाठी आणि व्हीपीयूसाठी जागा राखून ठेवली आहे. कोणी आपल्या तुटपुंज्या मिळकतीतला एवढा मोठा वाटा कुलूपकिल्ल्यांवर खर्च करत असेल, तर त्याला धास्ती कशाची आहे ते वेगळं सांगायला नको. इंटरफेरॉनचा एचआयव्हीवर काही परिणाम होतो का, या प्रश्नाचं सर्वांत खात्रीचं उत्तर विषाणूच्या जनुकांतच लिहिलेलं आहे.

अर्थात कुलूप तोडण्यापेक्षा पहारेकऱ्याला जागच न येऊ देणं केव्हाही चांगलं. एचआयव्ही तेही करतो. पेशीच्या द्रवात डीएनए सापडणं हे संकटाचं लक्षण असतं. सीजीएएस नावाचं प्रथिन ते ओळखतं, आणि एचआयव्हीचा डीएनएही ते ओळखू शकतं, हे २०१३ मध्ये सिद्ध झालं. पण विषाणू आपला डीएनए बंद कवचाच्या आडोशाला लिहितो; शिवाय जे तुकडे बाहेर सांडतात ते आपल्याच पेशीतलं ट्रेक्स१ नावाचं विकर साफ करून टाकतं. पुरावाच उरत नाही. काही डेंड्रायटिक पेशींत सॅमएचडी१ नावाचं प्रथिन डीएनएचा कच्चा माल इतका कमी करून ठेवतं की एचआयव्ही-१ ची प्रत पूर्णच होत नाही, आणि प्रत झाली नाही म्हणून इशाराही होत नाही. एचआयव्ही-२ कडे या सॅमएचडी१ ला हटवणारं व्हीपीएक्स हे प्रथिन आहे. एचआयव्ही-२ मुख्यतः पश्चिम आफ्रिकेतला. पण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मुंबईतही त्याचे रुग्ण नोंदले गेले आहेत. त्याचा आजार बहुधा संथ चालतो. ज्याला या पेशींत प्रत पूर्ण करायची किल्ली मिळाली तो सौम्य, आणि ज्याला ती मिळाली नाही तो जास्त घातक, असा हा उलटा प्रकार आहे. किल्ली नसलेल्याने इशारा टाळला हे त्याचं एक संभाव्य कारण सांगितलं जातं.

आता पहिल्या काही दिवसांकडे येऊ. लैंगिक संबंधांतून होणारा बहुतेक संसर्ग एकाच विषाणूपासून सुरू होतो. देणाऱ्याच्या अंगात हजारो तऱ्हेचे विषाणू असतात, त्यांतला एखादाच नव्या माणसात मूळ धरतो. तो कोणता? गेल्या दहा-बारा वर्षांत झालेल्या अनेक अभ्यासांत असं दिसलं, की मूळ धरणारा विषाणू इंटरफेरॉनला बऱ्यापैकी दाद न देणारा असतो. त्याच माणसात काही महिन्यांनी पाहिलं तर त्याचे वंशज इंटरफेरॉनपुढे पुष्कळच नरमलेले असतात. आणि एआरटी बंद केल्यावर जो विषाणू डोकं वर काढतो, तो पुन्हा त्याच निगरगट्ट प्रकारचा. म्हणजे दारातला पहारा चांगलाच कडक आहे. साधे विषाणू तिथे गळून पडतात. आत येतो तो निवडक.

मग या पहाऱ्याची नेमकी किंमत किती, हे कसं मोजायचं? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या डॅनियल डूएक यांच्या गटाने २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये ते प्रसिद्ध केलं. रीसस माकडांना एचआयव्हीचा भाऊ असलेला एसआयव्ही दिला. काही माकडांत संसर्गाच्या वेळी सुरुवातीचे काही आठवडे इंटरफेरॉनची ग्राही बंद करून ठेवली. त्यांच्यात विषाणू वाढला, सीडी४ पेशी झपाट्याने घटल्या आणि ती एड्सने लवकर मेली. लक्षात घ्या, पहारा फक्त सुरुवातीला उठवला होता. पुढे तो परत आला, तरी झालेलं नुकसान भरून निघालं नाही.

याच प्रयोगाची दुसरी बाजू आणखी बोलकी आहे. दुसऱ्या गटातल्या माकडांना आधीपासून बाहेरून इंटरफेरॉन दिलं. सुरुवातीला फायदा झाला. संसर्ग सहजी होईना. म्हणून इंटरफेरॉन देत राहिले. हळूहळू पेशींनी त्याला दाद देणं सोडलं. विषाणूला रोखणाऱ्या जनुकांची हालचाल मंदावली, आणि अखेर या माकडांत विषाणूचा साठा वाढला, सीडी४ पेशी इतरांपेक्षा जास्त गेल्या. तेच औषध, तेच प्राणी, तोच विषाणू. पहिल्या आठवड्यांत तारक ठरलेलं पुढे मारक ठरलं.

१९८२ आणि १९८३ च्या त्या दोन नोंदी इथे जुळतात. पॅरिसच्या पात्रात इंटरफेरॉन अडसर होतं, ते खरंच होतं. अमेरिकेतल्या रुग्णांच्या रक्तातलं इंटरफेरॉन मात्र वरातीमागून आलेलं घोडं होतं. विषाणू तोपर्यंत लसीकाग्रंथींत आणि आतड्याच्या भिंतीत ठाण मांडून बसला होता, त्याची कोट्यवधी प्रतिरूपं गुणसूत्रांत दडली होती. घोडं केवळ उशिरा आलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. ते जायलाच तयार नव्हतं.

इंटरफेरॉन महिनोन्‌महिने चालू राहिलं की काय होतं? सीडी४ पेशी मरणाला अधिक प्रवण होतात. विषाणूबाधित पेशी मारणाऱ्या सीडी८ पेशी थकतात. त्यांच्या पृष्ठभागावर 'थांबा' सांगणाऱ्या खुणा वाढतात. लसीकाग्रंथींत जाड तंतू साचतात आणि नव्या पेशींना तिथे नांदता येत नाही. त्यात आतड्याची भिंत पातळ झालेली असते. जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात आणि दाह आणखी पेटता ठेवतात. आता स्त्रियांच्या पेशींबद्दल मघाशी काय म्हटलं ते आठवा. पहिल्या दिवसांत जास्त इंटरफेरॉन म्हणजे जास्त संरक्षण. पाच वर्षांनी, उपचार नसतील तर, त्याचाच अर्थ जास्त झीज.

निसर्गाने यावर उपाय शोधलेला आहे, आणि तो आफ्रिकेतल्या जंगलांत पाहायला मिळतो. सूटी मँगबी नावाच्या माकडांत पिढ्यान्‌पिढ्या एसआयव्ही नांदतो. त्यांच्या रक्तात विषाणू मुबलक असतो, तरी त्यांना सहसा एड्स होत नाही. त्यांची प्रतिकारशक्ती अधिक जोरदार असेल, असा पूर्वी अंदाज होता. २००९ मध्ये एका पाठोपाठ एक आलेल्या अभ्यासांनी वेगळंच दाखवलं. संसर्ग होताच मँगबीत आणि आफ्रिकेतल्या हिरव्या माकडांतही इंटरफेरॉनची लाट येते, रीसस माकडासारखीच उंच. फरक त्यानंतर आहे. काही आठवड्यांत त्यांच्यात ती ओसरते. रीससमध्ये ओसरत नाही. दीर्घ सहवासातून मँगबी शिकली ती विषाणूला हरवायला नव्हे, तर स्वतःची यंत्रणा वेळेवर आवरायला.

माणसात हे साधता येईल का? २०१७ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी मानवी रोगप्रतिकार पेशी बसवलेल्या उंदरांत एचआयव्ही सोडला, एआरटी दिली, आणि विषाणू दबल्यावर काही काळ इंटरफेरॉनची ग्राही बंद केली. दाह कमी झाला, थकलेल्या सीडी८ पेशींना उभारी आली आणि दडलेल्या विषाणूचा साठाही घटला. लढाऊ प्रथिनाची वाट अडवून लढाई सुधारते, ही गोष्ट तीस वर्षांपूर्वी कोणी सांगितली असती तर तिची टिंगल झाली असती. अर्थात हे उंदीर होते. माणसात ही वाट अडवताना इतर संसर्गांची जोखीम मोठी असते, म्हणून त्यावर घाईने औषध निघालेलं नाही आणि निघूही नये.

बाहेरून इंटरफेरॉन देण्याचे प्रयत्न मात्र आधीपासून झाले. एड्सच्या रुग्णांतल्या कापोसी सार्कोमासाठी अमेरिकेत १९८८ मध्ये अल्फा इंटरफेरॉनला मान्यता मिळाली; काही रुग्णांत तो आटोक्यात आलाही. पण ताप, अंगदुखी, पांढऱ्या पेशी घटणं, खोल नैराश्य असे त्याचे दुष्परिणाम होते. २०१३ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका छोट्या चाचणीत वीस जणांना आधी एआरटीबरोबर, मग एआरटी थांबवून दीर्घकाळ टिकणारं इंटरफेरॉन दिलं. त्यांपैकी नऊ जणांत बारा आठवडे विषाणू बराचसा दबलेला राहिला. हे थोडं नाही, पण एआरटीच्या रोजच्या एका गोळीने जे सहज साधतं त्याच्याशी तुलनाही होत नाही. शिवाय अल्फा इंटरफेरॉन एक नाही. माणसात त्याचे बारा प्रकार आहेत. औषध म्हणून रूढ झाला तो अल्फा-२, आणि एचआयव्हीवर तो प्रयोगशाळेत मध्यमच ठरतो. अल्फा-१४ त्याहून प्रभावी. यावर काम चालू आहे.

आणि एक प्रकरण सांगायलाच हवं. १९९० मध्ये केनियाचे राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी केमरॉन नावाच्या औषधाची मोठ्या थाटात घोषणा केली. ते होतं तोंडात चघळायचं, अत्यल्प मात्रेतलं अल्फा इंटरफेरॉन. रुग्ण टवटवीत होतात, वजन वाढतं, काहींची चाचणीही निगेटिव्ह येते, असे दावे झाले. आफ्रिकेतून आणि अमेरिकेतून हताश माणसं त्याच्या मागे लागली. पुढे तुलना-गट ठेवून नीट चाचण्या झाल्या, तेव्हा त्यात काहीही हाती लागलं नाही. केमरॉन हे संपूर्ण थोतांड नव्हतं, त्यात खरं इंटरफेरॉन होतं. म्हणूनच ते जास्त फसवं ठरलं. पदार्थ खरा, त्याचा शरीरातला गुणही खरा, आणि औषध म्हणून निरुपयोगी. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

हे मी आज तुमच्यापुढे का मांडतो? कोविडनंतर 'प्रतिकारशक्ती वाढवा' हे शब्द आपल्या घराघरांत शिरले आहेत. काढे, चूर्णं, गोळ्या, सरबतं, सगळ्यांवर तेच लिहिलेलं. एचआयव्हीबरोबर जगणाऱ्या माणसाच्या गळ्यात तर हे आधी मारलं जातं. त्या डब्यातलं काय वाढतं, केव्हा वाढतं आणि कधी थांबतं, हे विचारायची सवय आपण लावून घेतली पाहिजे. एचआयव्हीच्या उपचार न झालेल्या रुग्णात प्रतिकारयंत्रणा झोपलेली नसते, ती रात्रंदिवस तापलेली असते. अति तेथे माती, हे तिच्याबाबत अक्षरशः खरं आहे. तिला आणखी डिवचून काही साधत नाही. विषाणू दाबला की इंटरफेरॉनचा तो अखंड गजर बराचसा उतरतो, आणि ते काम एआरटी करते.

वेळेचा जो नियम पेशींना लागू आहे, तोच उपचारांनाही लागू आहे, आणि तो सिद्ध करण्यात आपल्या पुण्याचाही वाटा आहे. ज्यांच्यातला एक जोडीदार पॉझिटिव्ह आहे अशा १,७६३ जोडप्यांचा नऊ देशांत अभ्यास झाला; भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था त्यातलं एक केंद्र होती. २०११ मध्ये निकाल आला : उपचार लवकर सुरू केले तर जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो. २०१५ मध्ये पस्तीस देशांतल्या ४,६८५ जणांच्या चाचणीने दाखवलं, की सीडी४ चांगले असतानाच गोळ्या सुरू केल्या तर गंभीर आजार आणि मृत्यू निम्म्याहून कमी होतात. भारतात १ एप्रिल २००४ पासून एआरटी मोफत मिळू लागली, मुंबईचं जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक. तेव्हा सीडी४ ठरावीक आकड्याखाली जाईपर्यंत थांबावं लागे. २०१७ पासून तसं थांबावं लागत नाही. चाचणी पॉझिटिव्ह आली की उपचार सुरू.

तेव्हा वेळ साधण्याची आपल्या हातातली जागा एकच आहे, आणि ती आहे चाचणी. सरकारी आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रात ती मोफत होते, नाव गुप्त राहतं. शंका असेल तर महिनोन्‌महिने वाट पाहू नका, आणि आपल्या माणसाने चाचणी केली म्हणून त्याच्याकडे वाकड्या नजरेने पाहू नका. भीतीपोटी लोक जे दिवस घालवतात, ते विषाणूच्या खात्यात जमा होतात. गोळी रोज घेतली आणि विषाणू चाचणीत दिसेनासा राहिला, तर तो माणूस लैंगिक संबंधातून दुसऱ्याला संसर्ग देत नाही, हे आज निर्विवाद आहे. इंटरफेरॉनच्या अभ्यासकांनी चाळीस वर्षं खपून जे शोधून काढलं, त्यातून सामान्य माणसाने घ्यायचं ते इतकंच : लवकर कळू द्या, लवकर सुरू करा, आणि 'शक्ती वाढवतो' म्हणणाऱ्याला आधी पुरावा मागा.